अमरत्व कोणाच्या जिवावर?

प्रगत यंत्रे आणि विषमतेने पोखरलेला समाज यांची एकत्र कल्पना करणाऱ्या विज्ञानकथेला सायबरपंक म्हणतात. हे नाव ब्रूस बेथकी यांच्या १९८३ मधील कथेतून आले आणि विल्यम गिब्सन यांच्या ‘न्यूरोमॅन्सर’ (१९८४) या कादंबरीने प्रकाराला आकार दिला. विचार करणारी यंत्रे आणि अमरत्व ही त्याची दोन प्रमुख सूत्रे. हैदराबादच्या तेलुगू चित्रसृष्टीतून आलेल्या, नाग अश्विन दिग्दर्शित ‘कल्कि २८९८ एडी’ (२०२४) या चित्रपटात ती दोन्ही आढळतात. या कथाप्रकारावर मुख्यतः तीन आक्षेप घेतले जातात.

पहिला आक्षेप असा, की हे पाश्चात्त्यांचे उसने स्वप्न आहे. सायबरपंकची शैली बाहेरून आली, हे खरे. त्यातले प्रश्न मात्र परके नाहीत. जयंत नारळीकरांच्या ‘वामन परत न आला’ या मराठी कादंबरीतील बुद्धिमान यंत्रमानव स्वतःसारखे यंत्रमानव घडवण्याची क्षमता मिळवू पाहतो. अमरत्वाचा प्रश्न तर लोकजीवनातच मुरलेला आहे. कपाळीच्या जखमेसाठी तेल मागत भटकणारा महाभारतातला अश्वत्थामा सातपुड्याच्या लोककथांत आजही वावरतो; नंदुरबार जिल्ह्यात अस्तंभा डोंगरावर दिवाळीत त्याची यात्रा भरते.

दुसरा आक्षेप उलट टोकाचा: हे सारे पुराणांत होतेच, मग नव्या कथेची गरज काय? महाभारताच्या सौप्तिकपर्वात अमरत्वाचे तंत्र नाही, शाप आहे. उत्तरेच्या गर्भावर अस्त्र सोडल्याबद्दल कृष्ण अश्वत्थाम्याला तीन हजार वर्षे एकाकी भटकण्याचा शाप देतो. तिथे दीर्घायुष्य ही अपराधाची शिक्षा आहे. ‘कल्कि’मधला सत्ताधीश यास्किन तेच आयुष्य गर्भवती स्त्रियांच्या गर्भातून काढलेल्या द्रवावर मिळवू पाहतो आणि अश्वत्थामा एका गर्भाच्या रक्षणासाठी उभा राहतो. गर्भावरचा आघात एका माणसाच्या हातून घडला, तर त्याला शाप देता येतो. तोच आघात एका व्यवस्थेचा रोजचा कारभार झाला, तर दाद कोणाकडे मागायची? हा प्रश्न विचारण्यासाठी नवी कथाच लागते.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे: अशा कथा आयुष्य वाढवणाऱ्या विज्ञानाविषयी भीती पसरवतात. याचे उत्तर सिकंदराबादच्या इतिहासात सापडते. २० ऑगस्ट १८९७ रोजी रोनाल्ड रॉस यांना येथील बेगमपेठेत ॲनोफिलीस डासाच्या जठरात हिवतापाच्या परोपजीवीची अवस्था दिसली. या कामासाठी त्यांना १९०२ चे नोबेल पारितोषिक मिळाले. हे डास हुसेन खान या हिवतापाच्या रुग्णाच्या रक्तावर पोसले होते आणि त्याला दर डासामागे एक आणा मिळत असे. इथेही एका गरिबाच्या देहाला मोल लावले गेले. पण त्यातून निघालेले ज्ञान कोणा एकाच्या तिजोरीत राहिले नाही. साचलेले पाणी हटवणे आणि डासांना आवर घालणे हे उपाय त्या ज्ञानामुळे गावोगाव शक्य झाले. स्वातंत्र्याच्या वेळी भारतीयांचे सरासरी आयुर्मान सुमारे ३२ वर्षे होते, आज ते सुमारे ७० आहे. हिवतापाचे नियंत्रण हे या वाढीमागचे एक कारण.

सायबरपंकचा विरोध अशा आयुर्वृद्धीला नाही. आयुष्य मूठभरांच्या मालकीचे होण्याला आहे. ‘ब्लेड रनर’ (१९८२) या चित्रपटातील कृत्रिम माणसांना चारच वर्षांचे आयुष्य दिलेले असते आणि ते वाढवून मागायला ती आपल्या निर्मात्यापर्यंत पोहोचतात. ‘न्यूरोमॅन्सर’मध्ये यंत्रात साठवलेले एक मन स्वतःला पुसून टाकण्याची विनंती करते. एकाला जगायचे असते, दुसऱ्याला संपायचे असते. निर्णय मात्र दोघांच्याही हाती नसतो.

त्यामुळे या कथाप्रकाराचे मोल त्यातल्या यंत्रांच्या भव्यतेवर ठरत नाही. आयुष्य वाढवण्यासाठी कोणाचा देह खर्ची पडतो, त्याची संमती घेतली जाते का आणि वाढलेल्या आयुष्यात त्याचा वाटा किती, हे विचारायला जी कथा शिकवते ती विज्ञानाला बळच देते. संगणक-उद्योग आणि लसनिर्मिती एकाच महानगरात वाढलेल्या हैदराबाद-सिकंदराबादला या प्रश्नांची गरज आजच आहे.