सिमेंटच्या रस्त्यालाही पाणीपाळी लागते

गावात सिमेंटचा रस्ता झाला, नारळ फुटला, फोटो निघाला, की आपण सगळे निर्धास्त होतो. डांबर उखडते, सिमेंटला मरण नाही, हा समज आता पक्का झाला आहे. मग तीन-चार वर्षांत खडी उघडी पडलेले अन् मधोमध तडकलेले रस्ते जागोजागी का दिसतात? मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर स्वातंत्र्यापूर्वी झालेला सिमेंट रस्ता कित्येक दशके टिकला. म्हणजे खोट सिमेंटात नाही, आपल्या कामात आहे.

शेतकरी बंधूंनो, काँक्रीट वाळून नव्हे, पाणी पिऊन कडक होते. सातव्या दिवशी साधारण दोन तृतीयांश ताकद येते, हिशेबात धरलेली ताकद २८ दिवसांनी. भर उन्हात दोन दिवस शिंतोडे मारून सोडले, तर वरचा थर कच्चा राहतो अन् पुढे त्याचीच धूळ उडते. गव्हाला वाफे पाडतो तसे मातीचे बांध घालून किंवा ओले गोणपाट टाकून १४ दिवस रस्ता ओला ठेवलाच पाहिजे.

पुढेही निगा लागते. सिमेंट उन्हाने फुगते, थंडीने आकसते. त्यासाठी सांधे कापून डांबर भरतात. ते निघाले की पाणी खाली मुरते, काळी माती फुगते, मग आकसते, खाली पोकळी होते. वरून उसाची भरलेली ट्रॉली गेली की तुकडा पडलाच. साईडपट्टीला मुरूम नसेल तर कडा तुटतात. अमोनियम सल्फेटसारखे खत सांडून ओले झाले, तर तेही सिमेंट खाते.

कोणी म्हणेल, टंचाईत माणसांना पाणी नाही, रस्त्याला कुठून आणणार? प्रश्न रास्त आहे. म्हणूनच ही कामे मार्चअखेरच्या घाईत न करता दिवाळीनंतर, विहिरींना पाणी असताना काढावीत.

सरपंच-सदस्यांनी पाणी मारल्याची रोजची नोंद ठेवावी, २८ दिवस ट्रॅक्टर-ट्रॉली बंद ठेवावी आणि ती नोंद पाहूनच काम पूर्ण झाल्याचा दाखला द्यावा. दरवर्षी मृगाआधी सांधे भरून घ्यावेत. ठेकेदार बिल घेऊन जातो. खड्ड्यातून बाळंतिणीला दवाखान्यात आपल्यालाच न्यायचे असते. येत्या ग्रामसभेत हा विषय घ्याच.