बेरजेत हरवलेला ऑगस्ट

आकड्यांवाचून आज शासनाचे पान हलत नाही आणि आलेखावाचून आकडे कोणाच्या गळी उतरत नाहीत. रोजच्या नोंदी संगणकात भरल्या की आलेख काढणारी आज्ञावली क्षणार्धात त्यांची महिनेवार गोळाबेरीज करून सुबक स्तंभ उभे करते. ही सोय स्वागतार्हच आहे. परंतु नोंदी दिवसांच्या ठेवायच्या की महिन्यांच्या करायच्या, त्यांची बेरीज घ्यायची, सरासरी की कमाल, हा निर्णय यंत्रावर सोपविला, तर प्रत्येक आकडा खरा असूनही चित्र खोटे ठरू शकते. बीडसारख्या अवर्षणप्रवण जिल्ह्यात त्याची किंमत शेतकऱ्याला मोजावी लागते.

वानगीदाखल दोन गावे कल्पावीत. एका गावी ऑगस्टमध्ये आठवड्याच्या अंतराने ३० मिलिमीटरच्या चार सरी आल्या. दुसऱ्या गावी एकाच रात्री १२० मिलिमीटर पाऊस कोसळला आणि उरलेला महिना कोरडा गेला. पहिल्या गावचे सोयाबीन तरले, दुसऱ्या गावची माती वाहून गेली व पीकही करपले. महिन्याच्या आलेखात मात्र दोन्ही स्तंभ सारख्याच उंचीचे!

हा केवळ वर्गातला दृष्टान्त नव्हे. २०२३ साली देशभरात जून ते सप्टेंबर या काळात सरासरीच्या ९४ टक्के पाऊस झाला. हंगामाची ही बेरीज पाहून कोणी चिंता केली नसती. परंतु त्याच वर्षीचा ऑगस्ट १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट होता. पाऊस ३६ टक्क्यांनी कमी पडला. सप्टेंबरने सरासरी ओलांडून बेरीज सावरली, पण फुलोऱ्यात व शेंगा भरताना सुकलेले पीक काही त्याने परत आणले नाही.

त्या वर्षी राज्याने प्रथम ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला; त्यांत आपल्या जिल्ह्यातील वडवणी, धारूर व अंबाजोगाई हे तालुके होते. तालुक्यांच्या या निकषांत पावसाच्या खंडाचाही विचार होता. पुढे अन्य तालुक्यांतील महसूल मंडळांना दुष्काळसदृश ठरविताना मात्र हंगामातील एकूण पाऊस सरासरीच्या ७५ टक्क्यांपेक्षा व ७५० मिलिमीटरपेक्षा कमी असावा, ही कसोटी लावण्यात आली. तालुक्यावरून मंडळावर येणे योग्यच होते. परंतु जागेचे माप बारीक करताना काळाचे माप ढोबळ झाले. ऑगस्ट कोरडा जाऊन सप्टेंबरात झोडपून निघालेले मंडळ अशा कसोटीतून सहज निसटते.

पीकविम्यात निदान २१ दिवसांहून अधिक खंडाची दखल घेऊन आगाऊ भरपाई देण्याची वाट होती. २०२५च्या खरिपापासून राज्याने ती बंद करून पीककापणी प्रयोगांवर आधारलेली भरपाईच ठेवली. म्हणजे खंड पाहणारा एक डोळा मिटला.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला प्रवाह आणि साठा यांतील भेद पहिल्याच वर्षी शिकवितात. पाऊस हा प्रवाह; त्याची बेरीज करता येते. माजलगाव धरणातील पाणी हा साठा; त्याच्या तीस दिवसांच्या नोंदींची बेरीज निरर्थक होय. बाजार समितीतील भावाची सरासरी काढावी, पण आवकेचे वजन देऊनच. नाहीतर शंभर क्विंटल आवकेचा दिवस व हजार क्विंटलचा दिवस एकाच तराजूत बसतात. आज्ञावलीला हा भेद आपण सांगावा लागतो.

रोजच्या आकड्यांच्या जंगलात दिशा सापडत नाही, म्हणून गोळाबेरीज हवीच, हा आक्षेप रास्त आहे. प्रश्न एवढाच, की ती कशासाठी? पिण्याच्या पाण्याच्या नियोजनाला हंगामाची बेरीज उपयोगी पडेल; पिकाला आठवड्याचा हिशेब लागतो.

म्हणून मागणी साधी आहे. मंडळनिहाय पावसाच्या प्रत्येक तक्त्यात महिन्याच्या बेरजेशेजारी आणखी तीन रकाने असावेत: किमान अडीच मिलिमीटर पावसाचे दिवस, सर्वांत मोठा खंड आणि एका दिवसातील कमाल पाऊस. मूळ दैनिक नोंदीही सर्वांना सहज मिळाव्यात. याला नवे यंत्र लागत नाही, नवा निधी लागत नाही. रोजची नोंद होतेच. ती बेरजेखाली गाडू नये, एवढेच. पीक सरासरीवर जगत नाही. मदतीचा निर्णयही केवळ तिच्यावर होऊ नये.