जाम ब्रेक आणि आपला हिशेब

मोटारीचा ब्रेक लागला नाही तर काय होते, हे कोणाला सांगावे लागत नाही. पण ब्रेक लागला आणि सुटलाच नाही, तर? गाडी एका बाजूला ओढते, चाक तापते, जळका वास येतो, पेट्रोल जास्त जाते; तरी गाडी चालते म्हणून आपण ‘बघू पुढच्या आठवड्यात’ म्हणतो. आमच्या बेळगावात मराठीत ‘ब्रेक जाम झाला’ म्हणतात, कन्नडात ‘ब्रेक हिडकोंडैती’. तक्रार एकच, आणि गॅरेजात मिळणारे उत्तरही बहुधा एकच : ‘पार्ट बदलावा लागेल.’ माझा आक्षेप या उत्तराला आहे. त्याहूनही अधिक, ते उत्तर द्यायला मेकॅनिकला भाग पाडणाऱ्या आपल्या वृत्तीला आहे.

वस्तुतः ब्रेक न सुटण्याची कारणे मोजकीच असतात. पेडल दाबले की मास्टर सिलिंडरमधले ब्रेक ऑइल नळीवाटे चाकापर्यंत दाब नेते. पाय काढला की तो दाब उतरला पाहिजे. ऑइलची परतीची वाट अडली, किंवा चाकातला एखादा भाग गंजून अडकला, की ब्रेक धरून बसतो.

दोष कुठे आहे हे शोधायला मोठी यंत्रे लागत नाहीत. ब्रेक कमीत कमी वापरून गाडी थोडी फिरवून आणावी आणि प्रत्येक चाकाजवळ हात न्यावा. टेकवू मात्र नये. मागची दोन्ही चाके तापली असतील तर आधी हँडब्रेकची केबल पाहावी. चारही तापली तर संशय मास्टर सिलिंडरवर किंवा पेडलवर. पुढचे एकच तापले, तर गाडी सपाट जागी घेऊन, बाकीच्या चाकांना दगड लावून ते जॅकवर उचलावे व हाताने फिरवावे. घट्ट असेल तर मास्टर सिलिंडरकडचा नळीचा जोड किंचित सैल करावा. चाक सुटले, तर दोष वरचा. नाही सुटले, तर चाकाकडचे ब्लीडर निपल सोडावे. ऑइलची चिळकांडी उडून चाक मोकळे झाले, तर बहुधा रबरी होज आतून फुगून बंद झाला आहे. तरीही घट्टच राहिले, तर कॅलिपरचा पिस्टन किंवा त्याच्या पिना अडकल्या आहेत. अर्थात हे काम जाणकाराच्या हाताने व्हावे, कारण नंतर नळीतली हवा काढल्याशिवाय गाडी रस्त्यावर आणणे धोक्याचे.

माझ्या मामांच्या जुन्या मोटारीचे पुढचे डावे चाक असेच तापत असे. एका गॅरेजात दोनदा पॅड बदलले, एकदा कॅलिपर. शेवटी एका वयस्क मिस्त्रींनी वरच्या क्रमाने पाहिले, तेव्हा दोष होजचा निघाला, म्हणजे बदललेल्या साऱ्या सामानात नसलेल्या वस्तूचा. आधीच्या बिलांत ‘पार्ट’ आणि ‘मजुरी’ हे दोन रकाने होते. ‘शोध’ असा रकानाच नव्हता.

आम्हा वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना तेरीज जुळली नाही तर फरक उचंत खात्यात टाकता येतो. पण चूक सापडेपर्यंत ते खाते बंद होत नाही. न शोधता बदललेला पार्ट हा असाच उचंत खात्यात टाकलेला फरक होय.

परंतु सारा दोष मेकॅनिकच्या माथी मारणे अन्यायाचे ठरेल. मास्टर सिलिंडरमध्ये ऑइल परतण्यासाठी एक बारीक छिद्र असते. पेडलचा दांडा जास्त कसला गेला की ते झाकलेलेच राहते. मग ऑइल तापून प्रसरण पावते आणि ब्रेक आपोआप आवळत जातो. उपाय काय, तर दांडा योग्य तेवढा सैल करणे. तासभर खपून मेकॅनिकने हे शोधले, तर आपण म्हणतो, ‘नुसता नट तर फिरवला, त्याचे एवढे पैसे?’ नव्या पार्टचे पैसे मात्र मुकाट्याने देतो. डॉक्टरांना तपासणीची फी देतोच ना? मग ज्याची बुद्धी बिनमोल ठरवली, त्याने सामान विकून पोट भरले तर नवल ते काय!

यात नुसत्या पैशांचा प्रश्न नाही. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते. डॉट ३ प्रतीचे ताजे ऑइल किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळू नये असा दंडक आहे. ओलावा शोषलेल्यासाठी तो १४० वर येतो. चोर्ला घाट उतरताना आधीच तापलेल्या चाकातले ऑइल उकळले, तर पेडल खाली जाते, आणि न सुटणारा ब्रेक न लागणारा ब्रेक होऊन बसतो. शिवाय नावात ‘ऑइल’ असले तरी त्यात इंजिन ऑइल कधीही ओतू नये. त्याने रबरी वायसर फुगतात व ब्रेक जाम होतात.

तेव्हा मित्रहो, घरची गाडी गॅरेजात नेल्यावर तीन गोष्टी कराव्यात. दोष कसा सापडला ते विचारावे, काढलेला पार्ट पाहावा आणि शोधण्याच्या श्रमाचे पैसे न कुरकुरता द्यावेत. आणि आपल्या पावसाळ्यात गाडी बरेच दिवस उभी ठेवायची झाल्यास हँडब्रेक ओढून ठेवू नये. ओल्या ड्रमला शू गंजून चिकटतात. सपाट जागेवर गिअर आणि चाकाखाली दोन दगड पुरतात.