कुंडीतली काळी माती
कोल्हापुरात कुंडीतले रोप पिवळे पडले की आधी माती तपासावी. पंचगंगेकाठची काळी माती उसाला मानवते. कुंडीत मात्र ओली असताना ती चिकट होते, मुळांना हवा मिळत नाही आणि ती कुजतात. सुकली की माती आकसते, कडेला फट पडते. मग वरून घातलेले पाणी त्या फटीतून सरळ तळाच्या भोकातून वाहून जाते आणि मधला गोळा कोरडाच राहतो. असे रोप अलगद काढून काळी, मऊ पडलेली मुळे छाटावीत. पन्हाळ्याकडची तांबडी माती, कुजलेले शेणखत आणि जाड वाळू सारख्या प्रमाणात मिसळून त्यात रोप पुन्हा लावावे. ताजे शेण घालणे म्हणजे हौसेने केलेला घातच. बोट मातीत पेरभर खुपसून, कोरडे लागले तरच पाणी द्यावे. पावसाळ्यात कुंडीखालची ताटली काढावी.