गाणं कुणाचं, मत कुणाला?

२०२५ मध्ये नांदेड-लातूरकडच्या मोबाइलवर सर्वांत जास्त भांडण कशावरून झालं असेल? सोयाबीनचा हमीभाव ५,३२८ रुपये जाहीर झाला आणि आडतीत मात्र बोली त्याहून खाली लागली, यावरून नाही. ऑगस्ट-सप्टेंबरच्या पावसानं मुखेडपासून निलंग्यापर्यंत उभी पिकं पाण्यात घातली, त्या पंचनाम्यांवरूनही फारसं नाही. आमच्या अंदाजानं पहिला नंबर लागेल तो ए. आर. रहमान यांनी ‘छावा’ला दिलेल्या संगीताचा.

फेब्रुवारीत सिनेमा आला आणि ग्रुप-ग्रुपवर एकच सवाल घुमू लागला : संभाजी महाराजांच्या सिनेमाला अजय-अतुल का नाहीत? सवाल रास्त होता. सह्याद्रीत घडणाऱ्या गोष्टीला संबळ, हलगी, चौघड्याचा ठेका हवा, असं एखाद्या कानाला वाटलं तर त्यात वावगं काय? पण त्याला उत्तरही तितकंच तगडं देता आलं असतं. ज्या अजय-अतुलच्या नावानं मातीचा हवाला दिला जातो, त्यांनीच ‘सैराट’साठी लॉस एंजलिसच्या स्टुडिओत पाश्चात्त्य वाद्यवृंद बसवून ध्वनिमुद्रण केलं. करमाळ्याच्या विहिरीत उडी मारणाऱ्या पोराच्या मागं व्हायोलिनचा ताफा वाजतो आणि तरी ते गाणं आपलंच वाटतं. मग मातीचं संगीत म्हणजे नेमकं काय? वाद्य, चाल, की ऐकणाऱ्याची सवय?

खरी लढाई इथून पुढं व्हायची. ती झालीच नाही. तिसऱ्या उत्तरात कुणीतरी रहमानचा धर्म काढला, पाचव्यात लिहिणाऱ्याचा पक्ष निघाला, सहाव्यात आडनाव. एका गाण्याची चालसुद्धा कुणी नीट गुणगुणून दाखवली नाही. सिनेमा लागण्याआधी लेझीमच्या दृश्याचंही तेच झालं होतं. आक्षेप आले, दिग्दर्शक लक्ष्मण उतेकर राज ठाकरे यांना भेटले, दृश्य काढलं गेलं आणि ज्यांनी ते पूर्ण पाहिलंही नव्हतं ते दोन्हीकडून जिंकले. मार्चमध्ये नागपुरात दंगल झाली, तेव्हा या सिनेमानं लोकांच्या भावना चेतवल्याचा उल्लेख मुख्यमंत्र्यांनी विधिमंडळात केला. शिवाजी सावंतांच्या कादंबरीवरून निघालेली गोष्ट, ती निघाली कुठून आणि पोहोचली कुठं!

आवडीनिवडीत राजकारण आजच घुसलं असंही नाही. १९५२ साली माहिती व नभोवाणी खात्याचे मंत्री झालेले बाळकृष्ण विश्वनाथ केसकर मराठी माणूस, शास्त्रीय संगीताचे कट्टर भक्त. सिनेमाची गाणी म्हणजे उथळपणा, या समजुतीनं त्यांच्या काळात आकाशवाणीवरून ती जवळपास हद्दपार झाली. लोकांनी काय केलं? मोर्चा काढला नाही. रेडिओची सुई सिलोनवर नेली. त्याच वर्षीच्या डिसेंबरात अमीन सयानींची ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली, आणि पाच वर्षांत, ३ ऑक्टोबर १९५७ ला, सरकारलाच विविध भारती काढावी लागली. दिल्लीनं ठरवलेली अभिरुची सुई फिरवून पाडता येते, हा अनुभव त्या पिढीनं घेतला. गीतमालेचा क्रम ठरवताना रेकॉर्डच्या खपाबरोबर गावोगावच्या श्रोता संघांचा कौलही धरला जाई. पाच-दहा जणांनी एकत्र बसायचं, वाद घालायचा आणि एकमतानं कार्ड टाकायचं. एकमत व्हायला गाणं ऐकावं लागायचं, एवढाच त्यातला फायदा. तेव्हाची माणसं फार उदार होती असा आमचा दावा नाही. रफी की किशोर या वादाच्या तळाशी काय साठलेलं असे, हे चहाच्या टपरीवर ज्यांनी तो ऐकलाय त्यांना ठाऊक आहे.

लातूरचं सांगायचं तर सिनेमा आणि निवडणूक तिथं एकाच वाड्यात नांदतात. विलासराव देशमुख दोनदा मुख्यमंत्री झाले, त्यांचे चिरंजीव रितेश पडद्यावर गेले. या वाड्याचं कौतुक लातूरला मनापासून आहे, पण लातूरकर कौतुक आणि मत यांची खाती वेगळी ठेवतो. १९९५ ला त्यानं खुद्द विलासरावांनाच घरी बसवलं. २००८ च्या मुंबई हल्ल्यानंतर ते ताज हॉटेलच्या पाहणीला गेले, सोबत रितेश आणि दिग्दर्शक राम गोपाल वर्मा दिसले, त्यावरून देशभर गदारोळ झाला आणि मुख्यमंत्रिपद गेलं. खुर्ची आली ती शेजारच्या नांदेडला, अशोक चव्हाणांकडं. सिनेमामुळं राजकारण हललं याचं याहून मोठं उदाहरण आमच्या दोन जिल्ह्यांत तरी नाही.

गेल्या विधानसभेचा किस्सा त्याहून बोलका. २०१९ ला लातूर ग्रामीणमधून धीरज देशमुख लाखाहून अधिक मतांनी निवडून आले, तेव्हा दुसऱ्या क्रमांकावर कुणी उमेदवार नव्हता, ‘नोटा’ होता, साडेसत्तावीस हजार मतं घेऊन. पाच वर्षांनी भावासाठी रितेश सभेत उभे राहिले. ‘बिग बॉस मराठी’चं पाचवं पर्व नुकतंच संपलं होतं, सूत्रसंचालक तेच होते, आणि विजेत्या सूरज चव्हाणचं ‘झापुक झुपूक’ पोराटोरांच्या तोंडी होतं. ते त्यांनी भाषणात आणलं, टाळ्या घेतल्या, धर्माच्या राजकारणावरही चार खडे बोल सुनावले. क्लिप देशभर फिरली. तिच्याखालच्या प्रतिक्रिया वाचून कुणी भाकीत केलं असतं तर लातूर ग्रामीणचा निकाल एकतर्फी सांगितला असता. धीरज साडेसहा हजारांच्या आसपास मतांनी पडले. लागूनच असलेल्या लातूर शहरात थोरले अमित देशमुख कसेबसे तरले. क्लिप आवडली म्हणणारा आणि कमळाचं बटण दाबणारा एकच माणूस असू शकतो, हे ग्रुपवरच्या कुणालाच पटत नव्हतं. आम्हाला पटतं. ज्याच्या सिनेमाला शिट्टी मारली त्याच्या भावाला मत द्यायचं, असा करार तिकीट खिडकीवर कुणी केलेला नसतो.

नांदेडकडं या. देगलूर, बिलोली, धर्माबाद, किनवट या तालुक्यांना तेलंगणाची सीमा लागून. तेलुगू सिनेमा तिथं काही कालपरवाचा पाहुणा नाही; ‘पुष्पा’ हिंदीत देशभर चालला त्याच्या कितीतरी आधीपासून सीमेवरची पोरं तिकडच्या नटांवरून हमरीतुमरीवर येत. (पुष्पाचा हिंदी आवाज आपल्या श्रेयस तळपदेंचा, हे सांगून आम्ही अधूनमधून छाती फुगवून घेतो.) ५ फेब्रुवारी २०२३ ला तेलंगणाचे तेव्हाचे मुख्यमंत्री के. चंद्रशेखर राव यांनी राज्याबाहेरची आपल्या पक्षाची पहिली मोठी सभा घेतली ती नांदेडलाच. गुलाबी झेंडे लागले, तिकडच्या शेतकऱ्यांच्या रयतु बंधू योजनेच्या रकमा, शेतीला मिळणारी वीज यांचे हिशेब मोबाइलवर फिरू लागले. काही दिवस असं वाटलं की जसा सिनेमा सीमा ओलांडून आला तसा पक्षही येईल. डिसेंबरात हैदराबादची सत्ता गेली आणि गुलाबी झेंडे जसे आले तसे उतरले. नटांवरची भांडणं मात्र चालूच आहेत.

आणि २० नोव्हेंबर २०२४. खासदार वसंतराव चव्हाण यांच्या निधनानं नांदेड लोकसभेची पोटनिवडणूक विधानसभेच्याच दिवशी आली. एकच केंद्र, एकच बोट, दोन यंत्रं. लोकसभेखालच्या सहाही विधानसभा मतदारसंघांत महायुतीचे आमदार निवडून आले, आणि खासदार झाले काँग्रेसचे रवींद्र चव्हाण, १,४५७ मतांनी. निकालानंतर आठवडाभर ग्रुपवर दोनच सिद्धांत होते : यंत्रात घोळ, नाहीतर घरात फितुरी. आम्ही हे सगळं चाळत होतो ते एका वाक्यासाठी, ‘मी वर यांना दिलं आणि खाली त्यांना.’ असं करणारे हजारो होते, आकडेच सांगतात. त्यांतल्या एकानंही ते लिहिलं नाही. मतदान केंद्रात दोन बटणं दाबणारा माणूस मोबाइलवर एकाच बाजूचा होऊन बसतो. दोन्हीकडचं थोडं थोडं पटतं असं लिहिलं, की दोन्हीकडून शिव्या पडतात.

माणूस मोबाइलवर एक आणि बाहेर वेगळाच, हे ‘सैराट’च्या वेळी आमच्या पहिल्यांदा ध्यानात आलं. २०१६ चा एप्रिल. लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी येत होतं, टाक्यांभोवती जमावबंदी होती, आणि महिनाअखेरीस सिनेमा लागला. शंभर कोटींचा गल्ला जमवणारा तो पहिला मराठी चित्रपट. जुलैत कोपर्डीचं अत्याचार-हत्येचं प्रकरण घडलं, सप्टेंबरात नांदेडला आणि लातूरला मराठा मोर्चे निघाले, आणि सिनेमावरचा वाद पाहता पाहता जातीचा झाला. ज्यांनी मांडीला मांडी लावून तो पाहिला होता ते एकमेकांना ग्रुपमधून काढू लागले. पण ‘झिंगाट’? ते सिनेमाला शिव्या घालणाऱ्यांच्या लग्नातही वाजलं, कौतुक करणाऱ्यांच्याही. भीमजयंतीला, शिवजयंतीला, गणपतीला, विजयी मिरवणुकीला आणि पडलेल्या उमेदवाराच्या भाच्याच्या हळदीला. डीजेवाल्याला कुणी आडनाव विचारलं नाही.

आम्हाला वाद नको आहेत असं कुणी समजू नये. उलट, आहेत ते फार पातळ आहेत, अशी आमची तक्रार आहे. नांदेडच्या पाण्यात सचखंड गुरुद्वाऱ्याचं कीर्तन आहे, कंधारच्या उरुसातली कव्वाली आहे, भीमगीतं आहेत, वारकऱ्यांचा टाळ आहे, आणि दिवाळीला गोदावरीच्या बंदाघाटावर पहाटेच्या मैफलीला बसणारी गर्दी आहे. एवढं कानावर पडणाऱ्या माणसानं ‘रहमान बरा की अजय-अतुल’ यावर रात्र जागवावी. पक्ष विचारायला काय, तो दोन मिनिटांत विचारून होतो.

म्हणून या अंकात ‘छावा’च्या संगीतावर दोन लेख आहेत, एक बाजूचा, एक विरोधातला. दोघा लेखकांना अट एकच घातली होती : संगीतकाराचा धर्म आणि समोरच्याचा पक्ष लेखात येता कामा नये. एकानं अर्धा लेख तिथंच फाडला म्हणे. उरलेला चांगला आहे. आता कुणी म्हणेल, संपादकांना हे सांगायला काय जातंय, तुमच्या अंकात पुढाऱ्यांच्या शुभेच्छांच्या जाहिराती नाहीत का? आहेत. दोन्हीकडच्या आहेत, समोरासमोरच्या पानांवर आहेत, आणि त्यांच्याशिवाय हा अंक निघाला नसता. पावसानं दुकानदारांचे हात आखडले, तेव्हा यंदा तर त्यांचाच आधार झाला.

दोन्ही लेखांवर पत्रं पाठवा. कडक लिहा, आम्ही पुढच्या अंकात छापू. कोणतं गाणं, कोणता ठेका, काय खटकलं ते लिहा. खाली नाव आणि गाव हवं. आडनाव नाही लिहिलं तरी चालेल.