टेंभी नाक्यावर बर्फ पडला तर?

‘सूर्य उगवला नाही तर’, ‘परीक्षा नसत्या तर’ असले निबंध आपण सगळ्यांनी शाळेत खरडलेत. इंजिनिअरिंगला आल्यावर ‘तर’ संपतं आणि ‘असे गृहीत धरा’ सुरू होतं, एवढाच फरक. तर मित्रांनो, असे गृहीत धरा की उद्या सकाळी टेंभी नाक्यावर फूटभर बर्फ पडलाय. रिक्षा जागच्या जागी रुतल्यात, तलावपाळीवर लोक फोटो काढतायत आणि आपलं सबमिशन मात्र काही रद्द झालेलं नाही. रस्ता मोकळा करायचाय. हाताशी पंचवीस एचपीचा एक छोटा ट्रॅक्टर आहे. काय कराल?

कॅन्टीनमध्ये कटिंग पिता पिता हा प्रश्न टाकून बघितला. उत्तरं अशी आली : “जेसीबी मागवू.” “पंचवीसने काय होतंय, पन्नास पाहिजे.” “टर्बो बसव.” एक कॉम्प्सवाला म्हणाला, “आधी ॲप बनवू.” चार वर्षं मेकॅनिकल घासलेल्यांपैकी एकानेही विचारलं नाही, की ट्रॅक्टरला पुढे काय लावलंय, मागे काय लावलंय आणि काढलेला बर्फ टाकायचा कुठे. माझी तक्रार नेमकी ही आहे. आपण इंजिन शिकतो. ते इंजिन एखाद्या कामाला कसं जुंपायचं हे कोणी शिकवत नाही आणि आपणही विचारत नाही.

आधी आकडेमोड करू, म्हणजे सरांना बरं वाटेल. एखाद्या घरापुढची गल्ली ३ मीटर रुंद, ५० मीटर लांब. त्यावर २० सेंटिमीटर बर्फ. झाले ३० घनमीटर. ताजा भुसभुशीत बर्फ घनमीटरला साधारण १०० किलो धरला, तर ३ टन माल. बर्फ ओला पडला तर तेवढ्याच जाडीत वजन दुप्पट-तिप्पट. फावड्याने काढणाऱ्या माणसाची कंबर का धरते ते कळतं. पण ट्रॅक्टरला ३ टन म्हणजे काही फार नाही. तो अडतो तो ताकदीपायी नव्हे, बहुतेक वेळा पकडीपायी. चाकं जागेवर फिरत राहतात आणि पंचवीसच्या पंचवीस एचपी बर्फ घासून गुळगुळीत करण्यात जातात.

हे मला पहिल्यांदा कळलं ते टेक्स्टबुकातून नव्हे, निफाडच्या मामांकडून. मामांची द्राक्षबाग आहे. दोन ओळींमधून जाईल असा छोटा ट्रॅक्टर आणि त्यामागे औषध फवारायचा ब्लोअर. मी गेलो की सवयीने विचारायचो, “मामा, किती एचपीचा?” एकदा वैतागून म्हणाले, “अरे भाचे, एचपी काय घेऊन बसलास? मागं काय जोडलंय आन् कधी जोडलंय ते बघ. ऑक्टोबर छाटणी झाल्यावर ब्लोअर दुरुस्तीला काढला तर बागेला काय सांगू, थांब म्हणून?” मामांचा ब्लोअर सप्टेंबरातच तयार असतो. ग्रीस मारलेलं, नोझल साफ केलेले, पीटीओच्या शाफ्टवरचं प्लॅस्टिकचं कव्हर जागेवर. दसऱ्याला हळदकुंकू लागतं ते तयार यंत्राला.

आता गंमत बघा. बर्फाच्या देशात छोट्या ट्रॅक्टरला जे यंत्र लावतात त्यालाही ब्लोअरच म्हणतात. तोही पीटीओवरच चालतो आणि मागे जोडलेला असेल तर बहुधा त्याच ५४० फेऱ्यांवर. मामांचा औषध फेकतो, तो बर्फ फेकतो. कॅनडातल्या आर्थर सिकार्ड यांनी १९२५ साली बर्फ फेकणारं यंत्र बनवलं, तेव्हा कल्पना त्यांना मळणी यंत्रावरून सुचली असं सांगतात. म्हणजे शेतातलंच अवजार, हंगाम बदलून. फरक एवढाच, की मागे जोडलेला बर्फाचा ब्लोअर चालवताना ट्रॅक्टर उलटा न्यावा लागतो आणि दोन तास मान मागे वळवून मानेचा पार खिळा होतो. पुढे जोडायचा तर बहुतेक छोट्या ट्रॅक्टरांना पोटाखालचा वेगळा पीटीओ लागतो, साधारण २००० फेऱ्यांचा. हे ट्रॅक्टर घेताना विचारायचं असतं, बर्फ पडल्यावर नाही.

आता वजनाकडे येऊ, कारण सगळ्यात जास्त गोंधळ तिथे होतो. पुढे लोडरची बकेट आहे, त्यात समजा ३०० किलो ओला बर्फ आहे आणि तो पुढच्या ॲक्सलच्या दीड मीटर पुढे लटकतोय. पुढच्या ॲक्सलभोवती मोमेंट घ्या : ४५० किलो-मीटर. तेवढ्याने मागची चाकं हलकी होणार. मागे लिफ्टला, पुढच्या ॲक्सलपासून अडीच मीटरवर, १८० किलोचं वजन अडकवलं की हिशोब बरोबर फिटतो. फर्स्ट इयरच्या मेकॅनिक्समधलं गणित आहे हे, बीम काढून ट्रॅक्टर ठेवला इतकंच. पण पुढची गोष्ट पुस्तकात नसते. बऱ्याच ट्रॅक्टरांना ब्रेक फक्त मागच्या चाकांना असतात. बकेट भरून तुम्ही उतारावर निघालात, मागची चाकं हलकी झालेली, खाली बर्फ, आणि तुम्ही ब्रेक दाबता. ब्रेक लागतो, चाक थांबतं, ट्रॅक्टर थांबत नाही. म्हणून मागे वजन हवं आणि उतारावर फोर व्हील टाकलेलं हवं, म्हणजे पुढची चाकंही ट्रान्समिशनमार्फत रोखली जातात. बकेट जमिनीलगत हवी हे वेगळं सांगायला नको. ज्याला हे पटत नसेल त्याने टेंभी नाक्याच्या दहीहंडीला थर लावणाऱ्या पथकातल्या कुणालाही विचारावं, की खालच्या थराला हलकी पोरं का उभी करत नाहीत.

वजन वाढवायचा आपल्याकडचा उपाय म्हणजे टायरमध्ये पाणी भरणे. व्हॉल्व्ह वर घेऊन टायर पाऊणभर भरायचा, वर हवा. स्वस्त, मस्त. हाच उपाय उणे वीस डिग्रीत केला तर टायरमध्ये बर्फाची लादी तयार होते. मग तिकडे काय करतात? कॅल्शियम क्लोराइडचं द्रावण भरतात, ते गोठत नाही, जडही असतं, पण गळलं की रिम खातं. म्हणून काहीजण बीटच्या साखरेच्या धंद्यातून उरलेला रस भरतात. गोठत नाही, गंजवत नाही. साखर कारखान्यांच्या राज्यात राहून मळीचा असा विचार आपण कधी केलाय का? (चालेल का ते माहीत नाही, पण केमिकलवाल्यांनो, बघा बरं.) डिझेलचंही तसंच. थंडीत त्यातलं मेण सुटतं आणि फिल्टर चोंदतो. इंडियन ऑइलने २०१९ साली लडाखसाठी हिवाळी डिझेल आणलं, उणे ३३ डिग्रीपर्यंत वाहतं राहणारं. ठाण्यात बसून डिझाइन करणाऱ्याला डिझेल गोठू शकतं हे सुचणारच नाही. आपल्याला गोठतं ते फक्त खोबरेल तेल माहीत.

मला सगळ्यात आवडलेली तयारी मात्र बिनयंत्राची आहे. बर्फाच्या प्रदेशात जमीन गोठण्याआधीच रस्त्याच्या दोन्ही कडांना काठ्या रोवून ठेवतात. कारण एकदा बर्फ पडला की रस्ता कुठे, गटार कुठे आणि फुलझाडांचा वाफा कुठे, काही दिसत नाही. आपल्याकडे रस्त्यात गुडघाभर पाणी साचलं की कोणीतरी भला माणूस उघड्या मॅनहोलमध्ये झाडाची फांदी खोचून ठेवतो. तीच काठी, पण पाणी भरल्यानंतर. तसंच ब्लोअरच्या किंवा पात्याच्या खालच्या घसरपट्ट्यांचं. खडीचा रस्ता असेल तर त्या इंचभर खाली सोडून पातं उचलून ठेवायचं, नाहीतर बर्फाबरोबर खडीही उडते आणि शेजाऱ्याची काच जाते. पहिल्या बर्फालाच ढीग कडेपासून लांब ढकलायचा, कारण तो एप्रिलपर्यंत तिथेच राहणार असतो आणि त्यानंतरच्या प्रत्येक बर्फाला रस्ता अरुंद होत जाणार असतो. नाल्यातून काढलेला गाळ काठावरच वाळत ठेवला आणि पहिल्या पावसाने परत नाल्यात नेला, हे दृश्य ज्यांनी पाहिलंय त्यांना मी काय म्हणतोय ते कळेल. काढणं हे निम्मंच काम असतं.

आणि हात. ब्लोअरचं तोंड ओल्या बर्फाने चोंदतं, माणूस थंडीने कावलेला असतो आणि हात घालतो. इंजिन बंद, चावी खिशात, मगच काठीने मोकळं करायचं, असा नियम आहे. आपल्याला हे नवीन नाही. मळणी यंत्रात इतक्या लोकांचे हात गेले, की १९८३ साली त्यासाठी धोकादायक यंत्रांचा केंद्रीय कायदा करावा लागला. तरी पीटीओवरचं कव्हर काढून ठेवलेले ट्रॅक्टर आजही बघा, आणि थंडीच्या जागी त्यात मफलर गुंडाळलेल्या माणसाची भर घाला. ब्लोअरमध्ये गिअरबॉक्स वाचवायला एक शिअर बोल्ट मुद्दाम कच्चा ठेवलेला असतो. दगड अडकला की बोल्ट तुटतो, गिअर वाचतात. हे आपण मशीन डिझाइनमध्ये शिकतो, पाच मार्कांना येतं. पण तो बोल्ट अंधारात, जाड हातमोजे घालून, गोठलेल्या बोटांनी बदलता आला पाहिजे, हे शिकत नाही. आणि तो बदलता आला नाही, तर वैतागलेला माणूस तिथे साधा हाय टेन्साइल बोल्ट ठोकून मोकळा होतो. पुढच्या दगडाला गिअरबॉक्स जातो.

“पण आपल्याला काय करायचंय त्या बर्फाचं?” हा प्रश्न मला इतक्यांदा आला, की उत्तर छापून ठेवावं म्हणतो. इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या भागीदारीत १९६३ साली स्थापन झालेली ट्रॅक्टर कंपनी १९७७ साली महिंद्रमध्ये विलीन झाली आणि कांदिवली-नागपूरच्या कारखान्यांनी देशभर ट्रॅक्टर पोचवले. १९९४ पासून महिंद्र अमेरिकेतही ट्रॅक्टर विकते. अभिमानाची गोष्ट आहे. पण तिथे घरामागच्या दोन-पाच एकरांवर आणि बर्फात चालणारे महिंद्रचे जे छोटे ट्रॅक्टर विकले गेले, त्यातले कित्येक वर्षानुवर्षं बनून आले कोरियातून आणि जपानमधून. नाव आपलं, यंत्र त्यांचं. ते लोक आपल्यापेक्षा हुशार आहेत म्हणून असं झालं, असं मला वाटत नाही. फोर व्हीलचा छोटा ट्रॅक्टर त्यांच्या भातखाचरात होता आणि बर्फ त्यांच्या अंगणात. आपल्याकडे ट्रॅक्टर म्हणजे टू व्हील ड्राइव्ह, मागे नांगर किंवा ट्रॉली. २०१५ साली महिंद्रने जपानच्या मित्सुबिशीच्या शेतीयंत्र कंपनीत एक तृतीयांश हिस्सा घेतला आणि २०२३ साली ओजा ही हलक्या ट्रॅक्टरांची मालिका आली. ती तेलंगणातल्या झहिराबादला बनते, पण डिझाइनमध्ये जपानी भागीदार बरोबरीने होते. म्हणजे दुसऱ्याचा हिवाळा शिकायला आपल्याला हिस्सा विकत घ्यावा लागला. तो थोडासा कॉलेजात शिकता आला असता, एवढंच माझं म्हणणं.

शिवाय बर्फ इतका परकाही नाही. लष्कराचे रस्ते बांधणाऱ्या सीमा सडक संघटनेतल्या ग्रेफचं केंद्र आपल्या पुण्याजवळ दिघीला आहे. सह्याद्रीच्या उन्हात भरती झालेली माणसं झोजिलावर बर्फ कापायला जातात. पूर्वी पाच-सहा महिने बंद राहणारी ही खिंड २०२५ साली ३२ दिवसांत उघडली. तिथे अर्थात छोटा ट्रॅक्टर नाही चालत, मोठे डोझर आणि स्नो कटर लागतात. पण डिझेलचं मेण, गोठलेली हायड्रॉलिक्स आणि ढीग कुठे टाकायचा, हे प्रश्न तेच.

तर माझी मागणी छोटी आहे. आपल्या वर्कशॉपमध्ये अर्धं कापून रंगवलेलं एक इंजिन आहे. त्याचं जर्नलमध्ये चित्र काढून आपण सगळे पास झालो. त्याच्या शेजारी एक जुना, चालू स्थितीतला छोटा ट्रॅक्टर आणून ठेवा. बीईच्या ग्रुपला तयार प्रोजेक्ट विकत आणण्याऐवजी एक चिठ्ठी द्या : चिखलणी, द्राक्षबाग, नाल्याचा गाळ किंवा बर्फ. हंगाम चिठ्ठीत येईल तो. ट्रॅक्टर वजनकाट्यावर नेऊन पुढच्या-मागच्या ॲक्सलचं वजन रिकाम्या आणि भरल्या बकेटने घ्यायचं, मागे किती किलो लागतं ते काढायचं आणि अवजार जोडून दाखवायचं. आणि व्हायवा जाड हातमोजे घालून, शिअर बोल्ट बदलता बदलता घ्यायची. ग्रीसचे डाग पडणार, फ्लोअर खराब होणार, ही तक्रार शिपाईकाका करतीलच. त्यांची समजूत काढायचं काम सेकंड इयरवाल्यांकडे.