शब्बाथ : गुलामीची आठवण कोणी वाचायची?

ज्यू जन्मजात हुशार असतात, म्हणून ते जग चालवतात, हे वाक्य आपल्या तरुणांच्या व्हॉट्सॲप गटांत सारखे फिरत असते. या वाक्याला आमचा सक्त विरोध आहे. गुणवत्ता रक्तातून येते हाच तर मनूचा सिद्धांत. तो ब्राह्मणांच्या बाबतीत नाकारायचा आणि ज्यूंच्या बाबतीत डोक्यावर घ्यायचा, हे आंबेडकरवाद्याला शोभत नाही. शिवाय 'ज्यू जग चालवतात' ही अफवा पसरवूनच युरोपात त्यांच्या कत्तलींना वातावरण तयार केले गेले.

आपल्यातच दुसरेही टोक आहे. शनिवारी विस्तव पेटवायचा नाही, गाडी चालवायची नाही, ही निव्वळ अंधश्रद्धा आहे, त्यातून काय शिकायचे, असे काही कार्यकर्ते विचारतात. या दोघांनाही आमचे सांगणे आहे : रक्त आणि कर्मकांड बाजूला ठेवा, संस्था कशी चालते ते बघा.

शब्बाथ शुक्रवारी सूर्यास्ताला सुरू होतो आणि शनिवारी रात्री तारे दिसल्यावर संपतो. परंपरेने ३९ प्रकारची कामे त्या काळात वर्ज्य ठरवली आहेत. हा दिवस का पाळायचा, याची तोरामध्ये दोन कारणे सापडतात. 'निर्गम' या पुस्तकात सांगितले आहे की देवाने सृष्टी निर्माण करून सातव्या दिवशी विश्रांती घेतली. 'अनुवाद' या पुस्तकातले कारण वेगळे आहे : तुम्ही मिसर देशात गुलाम होता हे लक्षात ठेवा, म्हणून तुमच्या दासाला, दासीला, बैलाला, गाढवाला आणि तुमच्याकडे राहणाऱ्या परक्यालाही विश्रांती मिळाली पाहिजे. विश्रांती हा मालकाचा उपकार नाही, ती गुलामाचा हक्क आहे, असे हा नियम सांगतो. आपल्याकडे मुंबईच्या गिरणी कामगारांना आठवड्याची एक सुटी मिळवण्यासाठी सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांच्या नेतृत्वाखाली लढावे लागले. १० जून १८९० रोजी त्यांना रविवार मिळाला.

त्याच दिवशी सिनेगॉगमध्ये तोराचे वाचन होते. पाच पुस्तकांचे ५४ भाग पाडलेले आहेत. आठवड्यागणिक पुढे सरकत वर्षभरात सगळी तोरा पूर्ण होते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात होते. शनिवारी सकाळी किमान सात जणांना गुंडाळीपाशी बोलावतात. ही प्रथा मुळात पुरोहितांची मक्तेदारी नव्हती. जेरुसलेममध्ये एज्राने पुरुष आणि स्त्रिया दोघांसमोर ग्रंथ वाचला आणि लोकांना त्याचा अर्थ समजावून दिला गेला, असे नहेम्याच्या पुस्तकात आहे. शूद्राने वेद ऐकला तर त्याच्या कानात वितळवलेले शिसे ओता, असे सांगणाऱ्या गौतम धर्मसूत्राशेजारी हे ठेवून पाहा. हजारो वर्षे आठवड्यातून एकदा वाचत राहिलेला समाज साक्षर राहिला, तर त्यात जन्माचा चमत्कार कोणता?

पण मित्रांनो, इथेच थांबलो तर ती भाबडी स्तुती होईल. त्याच तोरामध्ये परराष्ट्रीय गुलाम ठेवण्याची मुभाही आहे. सात वाचकांत स्त्री चालेल, पण सभेच्या मानासाठी तिने वाचू नये, असे तालमूद सांगतो. सनातनी सिनेगॉगमध्ये आजही बहुतेक ठिकाणी हेच चालते. सुधारणावादी पंथांनी मात्र ते मोडले.

आणि आपल्या देशात काय झाले? कोकणातले बेने इस्रायल तेलाचा घाणा चालवत आणि शनिवारी तो बंद ठेवत. जातिव्यवस्थेने त्यांचे नाव ठेवले 'शनिवार तेली'. गुलामीतून सुटल्याची खूण असलेला दिवस इथे जातीचे लेबल बनला. पुढे या समाजात 'गोरे' आणि 'काळे' असा भेदही राहिला.

कोचीनची गोष्ट याहून झोंबणारी आहे. मट्टनचेरीचे परदेशी सिनेगॉग १५६८ चे. तिथल्या गोऱ्या ज्यूंनी मुक्त केलेल्या गुलामांना आणि त्यांच्या वंशजांना 'मशुख्रारीम' म्हणत. त्यांना इतरांच्या बरोबरीने बसण्याचा आणि शब्बाथला तोरासाठी बोलावले जाण्याचा हक्क नव्हता. म्हणजे 'तुम्ही गुलाम होता हे विसरू नका' हे वाक्य दरवर्षी मोठ्याने वाचले जात होते आणि ज्यांच्या घरात गुलामीची आठवण ताजी होती, तेच बाहेरच्या दालनात बसत होते! याच समाजातले वकील ए. बी. सालेम यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सिनेगॉगच्या आतच सत्याग्रह केला. ही बंधने हळूहळू ढिली झाली, पण ती ग्रंथाने सोडवली नाहीत, माणसाच्या लढ्याने सोडवली.

म्हणून आमचा मुद्दा स्पष्ट आहे. ठरलेला दिवस आणि ठरलेले सामूहिक वाचन हे समाज उभा करण्याचे फार मोठे साधन आहे. पण वाचणाऱ्याची जागा कोणाच्या ताब्यात आहे, हा प्रश्न विचारला नाही, तर मुक्तीचा ग्रंथसुद्धा मालकाच्या हातात जातो. दर रविवारी विहारात वंदना आणि प्रवचन व्हावे, असा बाबासाहेबांचा आग्रह होता. आपल्या वस्तीत तो रविवार भरतो का? आणि भरत असेल, तर 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' वाचायला पुढे कोण बसते? तेच चार पुरुष पदाधिकारी, की सफाईकाम करणारी ताई आणि दहावीतली मुलगीसुद्धा?

ज्यूंच्या हुशारीचे मेसेज पुढे पाठवणे सोडा. पुस्तक उघडा आणि आजवर ज्याला कोणी वाचायला बोलावले नाही, त्याच्या हातात द्या.

जय भीम!